तीन स्लीव्ह आणि एक रिंग

सकाळी सहाला स्लॅब पडणार होता. आरएमसीवाल्याला, म्हणजे तयार काँक्रीट पुरवणाऱ्याला, गाड्या सांगून झाल्या होत्या. आणि आदल्या दिवशी दुपारी साडेतीनला मला लॅपटॉपवर दिसलं, की एसीचा डक्ट बीमच्या पोटात घुसलाय. एका नव्हे, ओळीनं तीन बीमच्या.

काम लातुरातल्या एका हॉस्पिटलचं. नाव लिहीत नाही, कारण चूक एकट्या कुणाची नव्हती आणि त्यात माझाही वाटा होता. मी तिथं मॉडेल सांभाळायचो. बिल्डिंग इन्फर्मेशन मॉडेलिंग हे लांबलचक नाव साइटवर कुणी घेत नाही. सगळे 'थ्रीडी' म्हणतात, आणि थ्रीडी म्हणजे फ्लॅट विकायला छापतात ते रंगीत चित्र, असा निम्म्या लोकांचा समज. रेव्हिट या सॉफ्टवेअरमधल्या बीमला आपली रुंदी, खोली, काँक्रीटचा ग्रेड ठाऊक असतो. खोली बदलली की प्लॅन, सेक्शन, काँक्रीटचं माप सगळं आपोआप बदलतं. आर्किटेक्टचं, स्ट्रक्चरचं, एसीचं, प्लंबिंगचं अशी मॉडेलं वेगवेगळी बनतात. ती नेव्हिसवर्क्स या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये एकावर एक बसवायची आणि कोण कुणाला धडकतंय ते बघायचं. याला क्लॅश म्हणतात. पहिल्या खेपेला शेकडो निघतात आणि त्यातले बरेच फालतू असतात. कुठं इन्सुलेशन भिंतीला घासतंय, कुठं नळ प्लास्टरमध्ये रुतलाय. त्या पसाऱ्यातून खरं दुखणं शोधायला साइटवर उन्हात उभा राहिलेला माणूसच लागतो.

झालं होतं असं. पहिल्या मजल्यावर ऑपरेशन थिएटरची हत्यारं निर्जंतुक करायचा विभाग अलीकडच्या खणात सरकवला. वजनदार ऑटोक्लेव्ह आले, म्हणून स्ट्रक्चरल कन्सल्टंटनं खालच्या कॉरिडॉरवरचे तीन बीम ६०० चे ७५० मिलिमीटर खोल केले. सुधारित ड्रॉइंग व्हॉट्सॲपवर आलं, सेंटरिंगवाल्यांनी त्याप्रमाणे पाट्या खाली घेतल्या, सळई बांधून झाली. एसीवाल्याकडं मात्र जुनंच ड्रॉइंग. आणि मी? माझ्याकडं नवं ड्रॉइंग येऊन आठ दिवस झाले होते. 'तीनच तर बीम आहेत, बदलू' म्हणत मी ते ठेवून दिलं होतं.

हिशोब सरळ होता. मजल्याची उंची ३९००. त्यातून बीम ७५० आणि फरशीचे ५० गेले की बीमखाली ३१०० उरतात. फॉल्स सिलिंग २७०० वर. म्हणजे मधे फक्त ४०० मिलिमीटर. डक्ट ३५० चा, वर-खाली इन्सुलेशन धरून ४०० चा. सिलिंगची फ्रेम आणि दिवे कुठं टांगायचे? शिवाय वरच्या संडासांची ११० ची ड्रेनेज लाइन याच कॉरिडॉरमधून शाफ्टकडं जाणार. डक्ट दाबता येतो, वळवता येतो. सांडपाण्याच्या पाइपाला ढाळ द्यावाच लागतो, त्याच्याशी घासाघीस चालत नाही.

चार वाजता सगळे स्लॅबवर जमलो. एसीचा ठेकेदार नेहमीचं वाक्य बोलला, "स्लॅब होऊ द्या, पाइपाला नंतर कोअर मारू. डक्टचं बघू."

हे ऐकून सळईवर उकिडवे बसलेले मामा उठले. मामा म्हणजे आमचे लोखंडाचे मिस्त्री. गाव किल्लारीजवळचं. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपाच्या पहाटे ते सोळा वर्षांचे होते. गणपती विसर्जनाहून येऊन अंगणात झोपले म्हणून वाचले. घर दगडमातीचं, वर माळवदाचा भार. घरातले वाचले नाहीत. हे त्यांनी मला कधी सांगितलं नाही, त्यांच्या पुतण्यानं सांगितलं.

"बीमला भोक पाडायचं न्हाई," मामा म्हणाले. "आधी ठिवायचं तर ठिवा. काँक्रीट झाल्यावर मशीन लावलं तर म्या हितं थांबत न्हाई."

मामांचा मुद्दा भावनेचा नव्हताच. कोअर मारणाऱ्याला आत सळई कुठं आहे ते दिसत नाही, उभ्या-आडव्या सळयांना कवेत घेणारी रिंग कापली जाते. मी टॅब्लेटवर बीम कापून दाखवला. डक्ट, पाइप, सिलिंग, सगळं एका चित्रात. एसीवाला पाच मिनिटं गप्प होता. मग तोच म्हणाला, "एकाचे दोन करू. ६०० बाय ३५० ऐवजी ६०० बाय २०० चे दोन." इन्सुलेशनसकट उंची २५०, खाली १५० मोकळे. कॉरिडॉर २४०० रुंद, दोन्ही डक्ट शेजारी मावतात आणि केबल ट्रेलाही जागा उरते. मॉडेलमध्ये बसवून बघायला वीस मिनिटं लागली. एरवी हे भांडण चार महिन्यांनी, काँक्रीट घट्ट झाल्यावर आणि बिलं अडकल्यावर झालं असतं.

राहिला पाइप. तो बीममधूनच न्यावा लागणार होता, आणि त्यासाठी काँक्रीटच्या आधी बीममध्ये नळी, म्हणजे स्लीव्ह, ठेवायची. कन्सल्टंटना फोनवर मॉडेलचे स्क्रीनशॉट पाठवले. त्यांनी अटी घातल्या : कॉलमच्या तोंडापासून बीमच्या खोलीच्या दुपटीत, म्हणजे दीड मीटरच्या आत भोक नको, आणि भोक बीमच्या खोलीच्या मधल्या तिसऱ्या भागातच हवं. बीम ३.६ मीटरवर, ढाळ शंभरास एक, म्हणजे दर बीमला स्लीव्ह ३६ मिलिमीटर खाली. स्लीव्ह १६० ची. तीन बीममध्ये मिळून २३२ ची पट्टी लागते आणि मधला तिसरा भाग २५० चा. अठरा मिलिमीटरनं निभावलं.

मी खुशीत टॅब्लेट मामांपुढं धरला. त्यांनी बराच वेळ पाहिलं.

"साहेब, यात रिंगा कुठायत?"

मॉडेलमध्ये सळई नव्हतीच. आम्ही बीमचा नुसता ठोकळा काढला होता. सळईसकट मॉडेल करायला वेळ लागतो, पैसे लागतात, आणि मालक त्याला तयार नव्हता. प्रत्यक्षात त्या जागी रिंगा १५० वर बांधलेल्या आणि माझी स्लीव्ह १६० ची. पुन्हा फोन. स्लीव्हच्या दोन्ही बाजूंना रिंगा सरकवून जादा रिंगा, वर-खाली जादा सळया, असं कागदावर स्केच आलं.

रात्री हॅलोजनच्या उजेडात मामा आणि पुतण्या बीममध्ये वाकून काम करत होते. मी पाण्याच्या लेव्हल ट्यूबनं तिन्ही स्लीव्हचे तळ तपासत होतो. दुसरी ३६ नं खाली भरली. तिसरी ६० नंच खाली होती, ७२ नं हवी होती. बांधणीची तार सोडून पुन्हा बांधली. साडेबारा वाजले.

सकाळी सहाची पहिली गाडी सात वाजता आली, ते वेगळं. काँक्रीटचं माप मॉडेलमधून काढलं होतं, शेवटची गाडी जवळजवळ रिकामी परत गेली.

तीन महिन्यांनी प्लंबरनं पाइप सारला. एका टोकाला बादलीभर पाणी ओतलं, दुसऱ्या टोकाला मामा हात धरून उभे. पाणी आलं. ते काही बोलले नाहीत, हात पँटला पुसून गेले.

वरच्या मजल्याला मी मालकाच्या मागं लागून निदान भोकं पडणाऱ्या बीमची सळई मॉडेलमध्ये घेतली. मामांना दाखवली. त्यांनी स्क्रीनवर बोट टेकवलं, चित्र उगाच फिरलं, मी परत जागेवर आणलं.

"पैली रिंग कॉलमापासून दोन इंच पायजे. तुमची तीन इंचावर हाय."

माप घेतलं. ७५ मिलिमीटर. बांधकामाच्या नियमांच्या कोडमध्ये ५० च्या वर चालत नाही. तिथंच बसून दुरुस्त केली.