तुम्ही विचारलंत म्हणून: ट्रॅक्टरच्या गॅरेजातून रेसिंगच्या गाडीकडे

“आमचा पोट्टा ट्रॅक्टरचं इंजिन एकटा उतरवतो. रेसिंगच्या गाडीचा मेकॅनिक होईल का?” दारव्हा, वरोरा, चिखलीकडचे पालक हे नेहमी विचारतात. होईल. पण नट कसायची सवय आधी मोडावी लागेल.

गॅरेजात नट हाताच्या अंदाजाने कसतात, मन भरलं नाही तर पान्याला पाइप लावतात. ८ मिलिमीटरच्या, डोक्यावर ८.८ (ही मजबुतीची खूण) कोरलेल्या बोल्टला साधारण २५ न्यूटन-मीटर, म्हणजे तेवढा पिळण्याचा जोर (टॉर्क), पुरतात. २० सेंटिमीटरच्या पान्याच्या टोकाला साडेबारा किलोचा जोर दिला की तेवढे भरतात. त्याच जोराने मीटरभर पाइप ओढला तर १२५! बोल्ट लांबतो, नाहीतर ॲल्युमिनियममधले आटे निघून येतात. लांबलेला बोल्ट उभ्या गाडीत शाबूत दिसतो, तुटतो तो धावताना. आट्यांना तेल असेल तर त्याच आकड्यावर तो जास्त ताणला जातो, म्हणून मॅन्युअलमधला आकडा कोरड्या आट्यांचा की तेलाच्या, हे आधी बघायचं. टॉर्क रेंच म्हणजे लावलेल्या आकड्याला ‘टक’ करणारा पाना; तो ‘टक’ आला की थांबायचं. त्याने नट सोडवायचे नाहीत, आणि ठेवताना तो सगळ्यात खालच्या आकड्यावर आणायचा, नाहीतर आतली स्प्रिंग बसते. कसून झालं की नटावरून खालच्या पत्र्यापर्यंत मार्करची एक रेघ ओढायची. रेघ सरकलेली दिसली म्हणजे नट फिरला. ही सवय उद्यापासून ट्रॅक्टरवरही लावता येते.

दुसरं, ब्रेक. डॉट ४ या दर्जाचं ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं. नवं असताना ते किमान २३० अंशांना उकळतं, पाणी मुरल्यावर ही हद्द १५५ पर्यंत खाली येऊ शकते. शर्यतीत तापलेल्या ब्रेकमध्ये ते उकळलं की बुडबुडे होतात, बुडबुडा दबतो आणि पेडल तळाला जातं. म्हणून पावसाळाभर उघडी पडलेली अर्धी बाटली वापरायची नाही. ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढताना एकाने पेडल दाबून धरायचं, दुसऱ्याने चाकाजवळचा निपल (हवा काढायचा छोटा स्क्रू) उघडून बंद करायचा, आणि तो बंद झाल्याशिवाय पेडल सोडायचं नाही. सोडलं तर हवा परत आत शिरते. वरची ब्रेक ऑइलची टाकी मध्येच रिकामी होऊ द्यायची नाही. जुन्या मारुती ८०० वर हे पेडल दगडासारखं होईस्तोवर करावं.

टायरची हवा आपल्या उन्हात छान शिकता येते. ३० पीएसआयच्या (टायरमधल्या हवेच्या दाबाचं माप) आसपास, १० अंश तापमान वाढलं की साधारण दीड पीएसआय वाढते. वैशाखात सकाळी सावलीत आणि दुपारी उन्हात मोजा, दोन्ही आकडे वेळेसकट वहीत लिहा. ही वही पुढे कामाला येते: गाडी वळणात का घसरली याचं उत्तर बऱ्याचदा अशाच आकड्यांत सापडतं.

कागदाचं म्हणाल तर दहावीनंतर आयटीआयचा ‘मेकॅनिक मोटर व्हेइकल’ हा दोन वर्षांचा ट्रेड घ्या. मॅन्युअल वाचण्यापुरतं इंग्रजी पक्कं करा, हे मात्र टाळू नका. शर्यतीचे बरेच ट्रॅक दक्षिणेत आहेत: चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईचा, कोइम्बतूरचा कारी. बल्लारशाहून चेन्नईला थेट रेल्वे जाते. टीमकडे जाताना प्रमाणपत्राबरोबर ती वहीही दाखवा. सुरुवातीला चाकं धुवायला आणि हवा मोजायलाच लावतील; तिथेही प्रत्येक चाकाचा आकडा लिहून ठेवा.