कातरणांचं गाठोडं

बुधवार

कोजागरी झाली आणि बेळगावची हवा बदलली. पहाटे पंखा बंद करावा लागतो. दिवाळीच्या आधी कपाटाखालचं कातरणांचं गाठोडं सोडायचं, तो दिवस आज उजाडला. ब्लाउजमधून उरलेले तुकडे, पडद्यांच्या पट्ट्या, अस्तराची कापणी, विरलेल्या लुगड्यांचे काठ असं वर्षभर साठत गेलेलं. शिवाय शहापूरचे आमचे शिंपीकाका माझ्यासाठी वेगळी पिशवी भरून ठेवतात. "वहिनी, ह्यात खणाचे बरेच निघालेत बघा, दिवाळीला होतील," असं म्हणून परवाच त्यांनी हातात दिली.

मी कातरणं रंगावरून लावत नाही, पोतावरून लावते. खण एकीकडे, धुऊन धुऊन मऊ झालेलं सुती एकीकडे, टेरिकॉट आणि जॉर्जेट तिसरीकडे. रंग कुठलाही कुठल्याही शेजारी नांदतो, पण जाड आणि पातळ एका टिपेत आलं की पातळ कापड चुण्या धरतं आणि पहिल्याच धुण्यात उसवतं.

सजावटीसाठी नवं कापड विकत आणणं मला मनापासून पटत नाही. पैशाचा प्रश्न आहेच, पण खरी गोष्ट वेगळी आहे. अख्खं दोन मीटर कापड समोर असलं की मी डोक्यातलं चित्र त्यावर लादते. वीतभर तुकडा असला की त्याचा काठ कुठे आहे, उभा धागा कुठे जातो, बुट्टी कुठे तुटते हे आधी बघावं लागतं, आणि मग त्यातून काय होईल ते सुचतं. माझं सगळ्यात चांगलं शिवण असंच अपुऱ्या कापडातून निघालं आहे.

शुक्रवार

दाराचं तोरण झालं. खण आपल्याकडे येतो तो गुळेदगुड्डचा, बागलकोट जिल्ह्यातला. पारंपरिक खणाचा ताणा म्हणजे उभे धागे रेशमाचे आणि बाणा म्हणजे आडवे धागे सुताचे, म्हणून त्याला ती दबकी चमक असते. मात्र कापलेल्या कडेचे धागे फार लवकर सुटतात. तुकडे नुसते कापून लटकवले तर संक्रांतीपर्यंत झिरमिळ्या होतात. त्यासाठी दुमडीची रीत बरी. चार इंची चौकोन कापायचा, कोपऱ्याला कोपरा लावून दुमडायचा, तो त्रिकोण परत मधोमध दुमडायचा. सगळ्या उघड्या कडा एकाच बाजूला येतात आणि खाली टोकदार पान तयार होतं. एकाच्या दुमडीत दुसऱ्याचा कोपरा इंचभर सरकवत गेलं की तीन फुटी दाराला बारा पानं पुरतात. उघडी बाजू वरच्या पट्टीत अडकवायची आणि एकच सरळ टीप मारायची.

वरची पट्टी सासूबाईंच्या जुन्या लुगड्याच्या काठाची केली. अंगातलं सूत जाळीदार झालंय, काठ मात्र अजून करकरीत. आत बक्रम, म्हणजे कडक अस्तर घातलं, नाहीतर पट्टी मधे झोळ धरते. लाल खण आधी वेगळा भिजवून घेतला. ओल्या पांढऱ्या फडक्याने घासून बघायचं, फडकं कोरं राहिलं तरच तो पांढऱ्याच्या शेजारी लावायचा.

आकाशकंदिलाला खण चालत नाही, उजेड अडतो. त्याला मलमलीचे किंवा पातळ वॉयलचे तुकडे हवेत. पेटत्या दिव्यासमोर कापड धरलं की लगेच कळतं. कामट्यांचा सांगाडा मागच्या वर्षीचाच आहे, कापड तेवढं बदललं. आत एलईडीच लावायचा, पणती किंवा तापणारा बल्ब कापडाच्या कंदिलात कधीच नको.

रविवार

आज आत्या आली आणि वाकळीचं बोलणं निघालं. नणंदेचं बाळंतपण मार्गशीर्षात आहे, ऐन थंडीत. बाळासाठी लहान वाकळ आणि दोन दुपटी करायची आहेत. ह्याला गाठोड्यातलं सगळ्यात जुनं सुती काढलं. हा मऊपणा कुठल्याही दुकानात मिळत नाही, तो वर्षानुवर्षं अंगावर वापरून आणि दगडावर धुऊनच येतो.

आजीचं इरकली लुगडं वरच्या थराला घ्यायचं ठरलं. इरकलीचा पदर रेशमाचा आणि अंग सुती असलं की दोन्हींचा ताणा कोंडी घालून, म्हणजे धाग्यांचे फासे एकमेकांत अडकवून जोडलेला असतो. आत्याने त्या जोडावर बोट फिरवलं आणि म्हणाली, "पदर काढून ठेव गं, रेशीम आणि सूत एकत्र झिजत नाहीत." तिचं खरं आहे. सूत धुऊन आटतं, रेशीम तेवढं आटत नाही, मग वर फुगवटे येतात. पदर उशीच्या अभ्र्याला ठेवला.

आत्याने फरशीवरच थर अंथरून दाखवले. खाली चांगला थर, मधे विरलेले तुकडे एकावर एक, जोड एकाच जागी येऊ न देता. चार कोपऱ्यांवर पितळी डबे ठेवले आणि तळहाताने मधून कडेकडे सुरकुत्या काढत नेल्या. धावदोरा मात्र कडेपासून आत येतो, चौकटीत चौकट. आमच्यापासून फार लांब नाही, हल्याळ-यल्लापूर भागात आफ्रिकन वंशाच्या सिद्दी समाजाच्या बायका कवंदी, म्हणजे तुकड्यांची वाकळच, शिवतात, त्याही कोपऱ्यापासून सुरू करून मध्याला येतात. कोपऱ्यांवर त्या दुमडलेल्या कापडाची फुलं लावतात, त्याशिवाय त्यांची कवंदी पुरी होत नाही. तोरणातून उरलेल्या खणाची तशी फुलं मी बाळाच्या वाकळीला लावणार आहे. आत्याला कल्पना आवडली, फक्त फुलं पायथ्याच्या दोन कोपऱ्यांनाच लाव म्हणाली, म्हणजे बाळाच्या तोंडाला टोचणार नाहीत.

आत मी जॉर्जेट किंवा टेरिकॉट अजिबात घालणार नाही. घाम शोषत नाही आणि सुईला सारखं निसटतं. त्या ढिगाची पायपुसणी होतील.

धावदोरा भाऊबीजेनंतर सुरू करायचा, तेव्हा आत्या राहायलाच येते आहे. दोघी समोरासमोर बसलो की काम झपाट्याने पुढे जातं.

चंद्रकळेचा एक काळा तुकडा अजून उरलाय. जाऊबाईंच्या धाकट्याचं यंदा बोरन्हाण, त्याला झबलं बेतायचं आहे. पाठ-पोट निघेल, बाह्यांना कापड कमी पडतंय. उद्या शिंपीकाकांकडे काळं काही आहे का विचारते.