उजवीकडून येणाऱ्याला आधी!

आज संगम पुलाजवळच्या आरटीओत इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिटसाठी गेलो होतो. फी १००० रुपये, मुदत १ वर्ष. पुढच्या महिन्यात जर्मनीला लेकीकडे जातोय. तिची शिकवणी फोनवर सुरूच आहे: "बाबा, गाडी उजव्या बाजूने. पाटी-सिग्नल नसलेल्या चौकात उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं. हायवेवर ट्रॅफिक तुंबला की अँब्युलन्ससाठी मधली वाट मोकळी ठेवायची. आणि झेब्रावर कुणी दिसलं की थांबायचं. थांबायचंच!"

म्हटलं, सराव इथेच करू. येताना कर्वे रोडवर झेब्राशी एका आजींसाठी थांबलो. मागून हॉर्नचा बँडबाजा (आपली हौसच ती). आजी जागच्या हलेनात. माझ्याकडे संशयाने बघत म्हणाल्या, "अहो, गाडी बंद पडली का?"