तुम्ही विचारलंत म्हणून: रेल्वे ऐकायला स्कॅनर कोणता घेऊ?

पुलावर कॅमेरा घेऊन उभी राहणारी पोरं विचारतात, कॉलनीतले लोक विचारतात, आणि आता तर अमेरिकेत शिकायला गेलेली आमच्या नात्यातली मुलंही फोनवर विचारून राहिली, की काका, इंजिनवाले आणि स्टेशनवाले वायरलेसवर बोलतात नं, ते ऐकायला कोणता स्कॅनर (एकामागून एक चॅनल चाळणारा, फक्त ऐकायचा रेडिओ) घेऊ? माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो, ऐकणार कुठे? नागपुरात बसून आपली रेल्वे ऐकायची असेल तर माझं उत्तर आहे की कोणताच घेऊ नका. अमेरिकेत असाल तर बसा, सगळं सांगतो.

आधी नागपूरचं. मुंबई-हावडा आणि दिल्ली-चेन्नई अशा दोन्ही लाइनी इथे येतात, अजनीला इलेक्ट्रिक लोको शेड, तिकडे इतवारी, त्यामुळे इथल्या पोरांना गाड्यांचं वेड लागणं मी समजू शकतो, मलाही आहेच. लोको पायलट आणि गार्ड (२०२२ पासून त्यांना ट्रेन मॅनेजर म्हणतात) यांच्या हातात वॉकी-टॉकी दिसतो, स्टेशन मास्तरकडे मोठा सेट असतो, आणि ते बोलणं ऐकावंसं वाटतं. पण आपल्याकडे १९३३च्या वायरलेस टेलिग्राफी कायद्यात परवान्याशिवाय असलं यंत्र नुसतं जवळ बाळगायलाही मनाई होती, आणि २०२३च्या दूरसंचार कायद्यात दुसऱ्याचा संदेश बेकायदा ऐकण्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन कोटींपर्यंत दंड किंवा दोन्ही आहे. ऑनलाइन मिळतं म्हणून चालतं असं नसतं हो, २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने वॉकी-टॉकी विकणाऱ्या साइट्सना नोटिसा काढल्याच ना.

आणि कायदा बाजूला ठेवला तरी मला खरी काळजी दुसरीच आहे. पोरं स्कॅनर म्हणून जे स्वस्तातलं चिनी यंत्र मागवतात तो स्कॅनर नसतोच, तो बोलायचा सेट असतो, त्याच्या बाजूला बटण असतं आणि ते खिशात नुसतं दाबलं गेलं तरी तो हवेत सिग्नल सोडायला लागतो. एफएमवर दोन सेट एकदम बोलले तर जवळचा जोरदार सिग्नल लांबच्या कमजोर सिग्नलला पार झाकून टाकतो. म्हणजे मागून गार्ड सांगतोय की अमुक डब्यातून धूर येऊन राहिला, आणि रुळाशेजारी उभ्या असलेल्या आपल्या पोराच्या खिशातल्या सेटने नेमकं तेच बुजवलं. माल गाडीचा गार्ड एवढ्या लांब मागे एकटा असतो, त्याच्यासाठी तो आवाज म्हणजे सगळं काही आहे. म्हणून मी अडवतो, आणि राग आला तरी अडवत राहणार.

शिवाय रेल्वे ही जुनी पद्धत बदलायच्या मागे आहे. जून २०२१ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने रेल्वेला ७०० मेगाहर्ट्झ बँडमधले ५ मेगाहर्ट्झ एलटीईसाठी (मोबाइलच्या ४जीसारखं डिजिटल जाळं) मंजूर केले, त्या जाळ्यावरचं बोलणं साध्या स्कॅनरवर उमजणारच नाही.

आता अमेरिकेतल्यांसाठी. तिथे आणि कॅनडात रेल्वेचं बोलणं साधारण १६०.२ ते १६१.६ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालतं, चॅनलला नंबर असतात आणि सगळ्या मोठ्या कंपन्या तेच नंबर वापरतात. ७ ते ९७ मधल्या चॅनल नंबरला ०.०१५ने गुणा आणि १६०.११० मिळवा, झाली फ्रिक्वेन्सी. चॅनल ३६ म्हणजे १६०.६५०, चॅनल ९७ म्हणजे १६१.५६५, करून बघा. एकदा हे लक्षात आलं की कुठल्याही रेल्वेप्रेमीने सांगितलेला नंबर तुम्ही स्वतःच स्कॅनरमध्ये भरू शकता.

बहुतेक ठिकाणी हे बोलणं अजून साधं अ‍ॅनालॉग एफएमच आहे, म्हणून महागडा डिजिटल स्कॅनर पहिल्याच फटक्यात घेऊ नका असं मी प्रत्येकाला सांगतो. युनिडेनचा बीसी१२५एटी हा हातात मावणारा स्कॅनर पुष्कळ झाला, ५०० चॅनल बसतात, चॅनलला नाव देता येतं, कॉम्प्युटरला जोडून भरता येतात आणि तो फक्त ऐकतो, बोलत नाही, हे माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचं. काही कंपन्या काही ठिकाणी एनएक्सडीएन नावाची डिजिटल पद्धत वापरतात, तुमच्या लाइनवर ती आहे असं पक्कं कळलं तरच युनिडेन एसडीएस१००सारख्या यंत्राकडे बघा, आणि त्यातही एनएक्सडीएनसाठी वेगळे पैसे भरून अपग्रेड घ्यावं लागतं, ते दुकानदार आपणहून सांगेलच असं नाही.

वाचलेले पैसे अँटेनात घाला. सोबत येणारी आखूड रबरी अँटेना सगळ्याच बँडसाठी केलेली असते म्हणून कशातच धड नसते. १६१ मेगाहर्ट्झच्या लहरीचा पाव भाग साधारण ४६ सेंटीमीटर होतो, तेवढी उभी अँटेना खिडकीत किंवा गच्चीवर लावली की त्याच स्कॅनरवर आवाजात एवढा फरक पडतो की तुम्ही स्वतःच चकित व्हाल. उंची मिळाली तर आणखीच उत्तम, कारण या लहरी सरळ रेषेत जातात आणि मधली इमारत किंवा टेकडी त्यांना अडवते. डिस्पॅचर (गाड्यांना पुढे जायची परवानगी देणारा कंट्रोलर) स्पष्ट ऐकू येतो आणि इंजिनवाला मात्र खरखरतो, असं पुष्कळ जण म्हणतात, त्याचं कारण हेच, डिस्पॅचरचा आवाज उंच टॉवरवरून येतो आणि इंजिन जमिनीवर असतं.

सगळे चॅनल एकदम भरून फिरवत बसू नका. तुमच्या लाइनचा रोड चॅनल (धावत्या गाड्यांच्या बोलण्याचा), जवळच्या यार्डाचा आणि डिस्पॅचरचा, एवढेच आधी भरा. रोड चॅनलवर काय काय सापडतं! रुळाच्या कडेला बसवलेला डिटेक्टर (जाणाऱ्या गाडीतले दोष तपासणारं यंत्र) गाडी गेल्यावर स्वतःच बोलतो, कितवा मैल, दोष नाही, एकूण एवढे अ‍ॅक्सल, आणि त्यावरून गाडी तुमच्याकडे यायला किती वेळ आहे याचा अंदाज बांधता येतो. काही ठिकाणी डिस्पॅचर अजून ट्रॅक वॉरंट, म्हणजे अमुक ठिकाणापर्यंत गाडी न्यायची परवानगी, तोंडी वाचून दाखवतो आणि क्रू ते शब्दन् शब्द परत म्हणून दाखवतो, एक आकडा चुकला की पुन्हा पहिल्यापासून. ती शिस्त ऐकताना माझ्या अंगावर काटा येतो, मी तर म्हणेन की स्कॅनर त्यासाठीच घ्यावा.

गाडीत स्कॅनर ठेवायला काही राज्यांत बंधनं आहेत, निघण्याआधी आपल्या राज्याचा नियम बघा.

नागपूरकरांनो, तुम्ही नाराज होऊ नका. ब्रॉडकास्टिफाय या वेबसाइटवर अमेरिकेतल्या रेल्वेचे कितीतरी चॅनल लाइव्ह लागतात, आपली संध्याकाळ म्हणजे तिकडची सकाळ, मोबाइलवर हेडफोन लावून ऐका, यंत्र काहीच लागत नाही. रेडिओच हातात हवा असेल तर हॅमची (हौशी रेडिओची) परीक्षा द्या, केंद्र सरकारचा डब्ल्यूपीसी विभाग घेतो, बारा वर्षं पूर्ण झालेल्या मुलालाही बसता येतं, आणि १४४ ते १४६ मेगाहर्ट्झवर तुम्ही हक्काने बोलू शकता. फक्त त्या परवान्यावर रेल्वे ऐकायची मुभा मिळत नाही, हे मी आत्ताच सांगून ठेवतो.

गाडी गाठायची तर एनटीईएस (गाडी कुठवर आली ते दाखवणारं रेल्वेचं अ‍ॅप) उघडा आणि सिग्नल वाचायला शिका. दोन पिवळे म्हणजे पुढच्या सिग्नललाही सावध राहायचंय, हिरवा म्हणजे थ्रू जाणार, कॅमेरा आधीच तयार ठेवा. फाटकाच्या अलीकडे सी/फा (सीटी/फाटक) लिहिलेली पिवळी पाटी असते, तिथून हॉर्न सुरू होतो.

अमेरिकेतून विचारणाऱ्यांनी पुढच्या वेळी राज्य, रेल्वे कंपनी, घरापासून रूळ किती लांब आणि गच्ची किंवा खिडकी मोकळी आहे का, एवढं लिहून पाठवा, मग कोणते चॅनल आधी भरायचे ते मी नीट सांगतो.