कुडाळच्या उपकेंद्रावर बीपीची गोळी

भातकापणी आटोपत आली होती तेव्हा कुडाळ तालुक्यातल्या एका उपकेंद्रावर, ओळखीच्या समुदाय आरोग्य अधिकारी ताईंसोबत, दिवसभर बसायला मिळालं. उच्च रक्तदाब नियंत्रणाचा राष्ट्रीय उपक्रम २०१७ मध्ये सुरू झाला. महाराष्ट्रात त्यासाठी आधी निवडलेल्या चार जिल्ह्यांत सिंधुदुर्ग होता. डॉक्टरांनी आरोग्य केंद्रात गोळी ठरवून दिली की पुढची महिन्याची पाकिटं उपकेंद्रात फुकट मिळतात. मला याचं मोल फार वाटतं. एसटीची वाट बघत मजुरी बुडवावी लागली, तर दुसऱ्या महिन्यात कोण जाईल?

एक आजी घाटी चढून धापा टाकत आल्या. ताईंनी यंत्राला हातच लावला नाही. पाच मिनिटं पाठ टेकून बसवलं, पाय जमिनीला, बाही वर, हात टेबलावर छातीच्या उंचीला. मग मोजलं, थोडं थांबून परत मोजलं. १६८/९६. पिशवीतली अॅम्लोडिपिनची, म्हणजे बीपीच्या गोळीची, पट्टी जवळजवळ भरलेली. आजी म्हणाल्या, "बरा वाटता, मगे गोळी कित्याक?" बीपी वाढलं तरी बहुतेकांना काही जाणवत नाही, त्यामुळे प्रश्न रास्तच होता. ताई रागावल्या नाहीत, विचारत राहिल्या. तेव्हा कळलं की पायांना सूज येत होती. या गोळीने काहींना ती येते. त्यातच गुडघ्यांसाठी दुकानातून आणलेली वेदनाशामकं चालू होती, आणि त्यांनीही बीपी चढतं. ताईंनी ती वेदनाशामकं बंद करायला सांगून त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे जायचं ठरवून दिलं. औषध बदलता येतं, मनाने सोडायचं नाही, हे दोनदा समजावलं.

मिठाचं बोलणं पेजेवरच्या लोणच्यापर्यंत आणि सुक्या बांगड्यापर्यंत गेलं. दिवसाला पाच ग्रॅमच्या आत, म्हणजे जेमतेम चहाचा चमचाभर. बांगडा भिजवून पाणी टाकून द्यावं, हे बायकांना लगेच पटलं.

अशा उपकेंद्रावर मदतीला जाणार असाल तर मुंबईहून कोकणकन्या सकाळी कुडाळला सोडते. गावात जाणाऱ्या एसटी मोजक्याच, परतीची वेळ कंडक्टरला उतरतानाच विचारा. तालुका आरोग्य अधिकाऱ्यांची परवानगी आधी घ्या. बीपीचं यंत्र देणार असाल तर दंडाचं द्या, मनगटाचं नको. सोबत मोठा पट्टा आणि जादा सेल हवेतच. जाड दंडाला लहान पट्टा बांधला की आकडा फुगतो. एक दिवसाचं शिबिर घेऊन निघून येऊ नका. ज्यांचं बीपी १४०/९० किंवा वर निघेल त्यांची नावं त्याच दिवशी आशाताईंकडे द्या, म्हणजे पुन्हा तपासणी आणि पाठपुरावा होईल.

चाकरमान्यांनी गणपतीला गेल्यावर आईवडिलांच्या गोळ्यांच्या पट्ट्या उघडून बघाव्यात. त्यांना मुंबईला आणणार असाल तर उपचाराचं कार्ड सोबत घ्या आणि निघण्याआधी गोळ्या भरून घ्या.