लीड्सचे जुने फोटो आणि शेजारच्या आजींचं घर

माझ्या शेजारच्या इंग्लिश आजी लहानपणी इंग्लंडमधल्या लीड्स शहरात क्वारी हिलच्या फ्लॅट्समध्ये राहायच्या आणि त्यांना त्या घराचा एक तरी फोटो हवा होता. आता तिथे प्लेहाऊस थिएटर आणि क्वारी हाऊसचं भलंमोठं सरकारी ऑफिस आहे, त्यामुळे जागेवर जाऊन काहीच कळत नाही. ९३८ घरं होती तिथे, १९३८ मध्ये उभी राहिली, लिफ्ट होती, कचरा सिंकमधूनच खाली जायचा, त्या काळात म्हणजे चैनच! पण आतलं स्टील गंजायला लागलं आणि १९७८ पर्यंत सगळं पाडून टाकलं.

शोधायला लिओडिस आहे, लीड्सच्या लायब्ररीचं फोटोंचं ऑनलाइन कलेक्शन, बघायला फुकट. क्वारी हिल टाकलं की ढीगभर फोटो येतात, पण त्यातले कितीतरी फ्लॅट्सच्या आधीच्या झोपडवस्तीचे, १९०० च्या आसपासचे. अंधारी बोळं, वाळत घातलेले कपडे, दारात उभी पोरं. हे कुणी हौसेने काढलेले नाहीत बरं का, वस्ती पाडायची म्हणून कौन्सिलने रेकॉर्डसाठी काढून घेतले, आणि म्हणूनच एकेक बोळ सापडतं. श्रीमंतांच्या गल्ल्यांचे एवढे फोटो नसतील कदाचित.

फ्लॅट्सचे फोटो मिळाले तर सगळ्या बिल्डिंगी सारख्याच, ऑस्टलर हाऊस काय लप्टन हाऊस काय, मला फरक कळेना. मी दाखवायचो आणि आजी मान हलवायच्या, "नाही लव्ह (म्हणजे बाळा), हे आमचं नाही." मग नॅशनल लायब्ररी ऑफ स्कॉटलंडच्या साइटवर ऑर्डनन्स सर्व्हेचा (ब्रिटनच्या सरकारी नकाशा संस्थेचा) जुना नकाशा आणि आजचा नकाशा शेजारी शेजारी उघडले आणि अजून उभ्या असलेल्या खुणा धरून चाललो: कर्कगेट मार्केट, ईस्टगेटच्या चौकातला घुमटाचा छोटासा पेट्रोलपंप (आता पंप नाही, इमारत आहे), पॅरिश चर्च. फोटो कुठून कुठे बघून काढलाय एवढं कळलं की निम्मं काम झालं. साल काढायला ट्राम बघायची, लीड्सची ट्राम १९५९ ला बंद झाली, म्हणजे रस्त्यात ट्राम धावताना दिसली की फोटो त्याच्या आधीचा. आणि दुकानांच्या पाट्या झूम करून वाचायच्या, त्याने फार मदत होते.

शेवटी एका फोटोत आजींनी बोट ठेवलं, तिसऱ्या मजल्याची बाल्कनी. खाली असलेला रेफरन्स नंबर लिहून घेतला आणि प्रिंट मागवली, तो नंबर जपून ठेवा कारण नुसत्या वर्णनावरून तोच फोटो परत सापडवणं म्हणजे डोकेदुखी.

आता आजींना कर्कगेटचा पॅलेस पब हवाय, वडील तिथे बसायचे म्हणे. पब अजून चालू आहे, बाहेरून काढलेले फोटो मिळतीलही, पण त्यांना आतला पाहिजे! फोटोवाले जास्त करून रस्त्यातच उभे राहायचे, आतले फोटो असले तर लोकांच्या घरच्या अल्बममध्ये. म्हणून आता त्यांच्या भाचीला व्हॉट्सअॅप केलंय, बघू माळ्यावरून काय निघतंय ते.