आधी टायर बदलले, मग सायकल ठरवली

आपले रस्ते बघता एमटीबीच (माउंटन बाइकच) घ्या, हा सल्ला पुण्यात नव्या सायकलवाल्याला हमखास मिळतो, आणि फुकट मिळतो. मीही तो मानून २९ इंची हार्डटेल, म्हणजे फक्त पुढे सस्पेन्शन असलेली एमटीबी, वापरत होतो. पुढे १०० मिलिमीटरचं स्प्रिंगचं सस्पेन्शन, चेनरिंग (पॅडलकडची दातेरी चक्रं) ४२-३४-२४ दातांच्या, मागे आठ गिअरची ११-३२ दातांची कॅसेट (मागच्या चाकावरची दातेरी चक्रं), डिस्क ब्रेक, वजन १४ किलो. रोड बाइक घ्यावी का, हा प्रश्न फारच रेंगाळला, तेव्हा तो आधी कागदावर आणि मग आहे त्याच सायकलवर सोडवायचं ठरवलं.

पहिला महिना नुसती नोंद ठेवली. प्रत्येक फेरीनंतर तीन आकडे: डांबर आणि काँक्रीट किती, मुरूम किती, माती-दगड किती. ५६० किलोमीटरपैकी मुरूम आणि माती मिळून ४० भरले. बहुतेकांचा हिशेब असाच निघेल, कारण वाट कुठे सुरू होते हे आपण विसरतो. टेकडीचा पायथा घरापासून १२ किलोमीटरवर असेल, तर ६ किलोमीटरच्या मातीसाठी २४ किलोमीटर डांबर तुडवावं लागतं, तेही भुणभुणणाऱ्या नॉबी (गाठीगाठींच्या) टायरवर.

खड्ड्यांसाठी सस्पेन्शन हवंच, हा समजही अर्धवट आहे. बारीक खडबडाट सोसते ती टायरमधली हवा. स्वस्त स्प्रिंगच्या फोर्कमध्ये (पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्यात) घर्षण इतकं असतं की रस्त्याच्या थरथरीला तो जागचा हलत नाही. हलतो कधी, तर चढावर उभं राहून पॅडल मारताना, म्हणजे नेमका नको तेव्हा. म्हणून पहिला बदल टायरचा केला. सगळ्यात स्वस्त बदल तोच, आणि फरकही त्यानेच सगळ्यात जास्त पडतो.

इथे एक गोष्ट पक्की माहीत हवी. २९ इंची एमटीबी आणि ७०० सी रोड बाइक या दोन्हींच्या रिमवर टायर बसतो तो व्यास एकच असतो: ६२२ मिलिमीटर. त्यामुळे २९ च्या चाकावर ७०० चा टायर चढतो. २७.५ चा व्यास ५८४ आणि २६ चा ५५९, त्यावर तो चढणार नाही. त्या मापाचेच सव्वा-दीड-पावणेदोन इंची गुळगुळीत टायर शोधायचे. टायरच्या कडेला छापलेला ‘४०-६२२’ (रुंदी आणि व्यास, मिलिमीटरमध्ये) असा आकडा वाचायची सवय लावा. ‘२९’ किंवा ‘७००’ या नावांपेक्षा तो खरा.

दुसरं माप रिमच्या आतल्या रुंदीचं. व्हर्निअरने मोजली, २१ मिलिमीटर भरली. त्यावर ४० मिलिमीटरचा टायर आरामात बसतो. रोड बाइकसारखा दिसावा म्हणून एमटीबीच्या रुंद रिमवर २५ किंवा २८ मिलिमीटरचा टायर चढवलेला दिसतो, तो मोह टाळा. टायर पसरट बसतो, रिमची कड जवळजवळ उघडी पडते आणि पहिल्या चांगल्या खड्ड्यात ट्यूबला सापाच्या चाव्यासारखी दोन भोकं पडतात. रिम वाकली तर तिचा आउट (डुलणं) काढून घेण्याचा खर्च वेगळा.

वॉल्व्हचं भोकही बघा. माझ्या रिमला मोटरसायकलसारख्या जाड वॉल्व्हचं, म्हणजे साडेआठ मिलिमीटरचं भोक होतं. रोडच्या बारीक प्रेस्टा वॉल्व्हला साडेसहा लागतं. मोठ्या भोकात बारीक वॉल्व्ह घातला तर तो हलत राहतो आणि ट्यूब वॉल्व्हच्या बुडाशी फाटते. ते पंक्चर चिकटत नाही, ट्यूब फेकावीच लागते. मी ७००×३५-४३ मापाची, जाड वॉल्व्हची ट्यूब घेतली. प्रेस्टाच घ्यायची असेल तर भोकात बसणारी रबरी किंवा धातूची बारीक चकती मिळते.

टायर चढवताना ट्यूबमध्ये किंचित हवा भरून घ्यायची, म्हणजे ती गोल राहते. बाणाची दिशा बघायची, टायरवरचं नाव वॉल्व्हच्या जागी आणायचं (याचा उपयोग पुढे आहे), आणि शेवटचा तुकडा वॉल्व्हपाशी संपवायचा. शेवटी टायर घट्ट वाटला तर लोखंडी पान्याने उचकटू नका. उरलेली कड सगळीकडून दाबून रिमच्या मधल्या खोलगट भागात ढकला, ढिलाई तिथूनच मिळते. मग २० पीएसआय भरून थांबायचं. चाक फिरवून टायरच्या कडेची बारीक रेघ रिमपासून सगळीकडे सारख्या अंतरावर आहे का, ते दोन्ही बाजूंनी बघायचं. कुठे ती आत गेली असेल तर तिथे ट्यूब चिमटली आहे किंवा टायर नीट बसलेला नाही.

हवेत सगळे चुकतात, मीही चुकलो. टायरवर छापलेला मोठा आकडा ही कमाल मर्यादा असते. तो भरायचा असतो असं नाही. ७५ किलो वजनाला ४० च्या टायरमध्ये पुढे ४२ आणि मागे ४८ पीएसआय मला योग्य वाटले. ६५ भरून बघितले: गती तीच, आणि स्पीडब्रेकरआधीच्या पांढऱ्या पट्ट्यांवर दात वाजले. पेट्रोल पंपावरची हवा जपून घ्या. सायकलच्या टायरमध्ये जागा थोडी असल्याने तिथे डोळ्याचं पातं लवेपर्यंत १०-१५ पीएसआय जास्त जातात. काटा असलेला उभा पंप घरी असणं ही चैन नाही.

त्याच श्रमात सपाटीवर माझी गती ताशी २०-२१ वरून २३-२४ वर गेली. फोर्क लॉक करून ठेवला, आवाज गेला, आणि अर्धा प्रश्न इथेच सुटला.

मग बसण्याची जागा. पायाच्या आतल्या बाजूचं माप (भिंतीला टेकून, पुस्तक वर दाबून, जमिनीपर्यंत) गुणिले ०.८८३ हे ग्रेग लेमाँडच्या नावाने ओळखलं जाणारं सूत्र सुरुवातीला पुरतं. माप ८० सेंटिमीटर असेल तर पॅडलचे दांडे (क्रँक) ज्या आसावर फिरतात त्याच्या मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंत साधारण ७०.६. पुढे गुडघ्याच्या पुढच्या बाजूला दुखलं तर सीट बहुधा खाली आहे. मागे दुखलं, किंवा कंबर डावी-उजवीकडे डुलत असेल, तर वर आहे. बदल एका वेळी ३ ते ५ मिलिमीटर, आणि मधे दोन-तीन फेऱ्या.

हँडल ७२० मिलिमीटर रुंद होतं. मातीत ते हवंच, पण रस्त्यावर छाती वाऱ्याला दाराच्या फळीसारखी उघडी पडते. लगेच कापू नये: आधी ग्रिप आणि ब्रेकचे लिव्हर आत सरकवून आठवडाभर चालवायचं, मग बाजूला उरलेला तुकडा कापायचा. मी दोन्हीकडून ४०-४० कापून ६४० वर थांबलो आणि टोकांना बार-एंड (आखूड दांडे) लावले, म्हणजे हात ठेवायला दुसरी जागा झाली.

एमटीबीला रोडचं वाकडं हँडल लावायचा विचार बऱ्याच जणांच्या डोक्यात येतो. तो काढून टाका. एमटीबीची फ्रेम लांब असते आणि वाकड्या हँडलने हात आणखी पुढे जातात. शिवाय रोडचे शिफ्टर (गिअर बदलायचे लिव्हर) केबल जितकी ओढतात, तितक्यावर एमटीबीचा डिरेलर (चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर ढकलणारा भाग) बरेचदा नीट गिअर पाडत नाही, आणि हायड्रॉलिक ब्रेकचे लिव्हरही बदलावे लागतात. एवढ्या पैशांत जुनी रोड बाइक येते. सस्पेन्शन काढून साधा फोर्क लावण्याचा मार्ग मात्र बरा आहे, दीडेक किलो वाचतं. फक्त नवा फोर्क लांबीने जुन्याइतकाच हवा, म्हणजे १०० मिलिमीटरवाल्या २९ ला साधारण ४९० मिलिमीटर. २० मिलिमीटर आखूड घेतला तर हँडलच्या नळीचा कोन अंशभर उभा होतो आणि सायकल उतारावर चळते. मी तो खर्च केला नाही.

गिअरचं गणित कागदावरच झालं. ४० च्या टायरचा घेर २.२ मीटर. पुढे ४२, मागे ११, पॅडलचे मिनिटाला ९० फेरे: ताशी ४५ किलोमीटर. मला आणखी नको होतं. आजकालच्या, पुढे एकच ३२ ची चेनरिंग असलेल्या एमटीबीला हेच गणित लावलं तर ताशी ३५ वर पाय हवेत फिरायला लागतात. ती सायकल रस्त्यावर अडते ती इथे. उलट बाजूला माझा सर्वांत हलका गिअर २४-३२: मिनिटाला ६० फेऱ्यांत ताशी ५.९. सिंहगडाच्या दहा टक्क्यांच्या तुकड्यांवर हाच गिअर बसून चढवतो. हा आकडा लिहून ठेवला, रोड बाइक निवडताना तो कामी आला.

एवढं झाल्यावर याच सायकलवर २०० किलोमीटरची बीआरएम, म्हणजे ठरलेल्या वेळात पूर्ण करायची लांब पल्ल्याची फेरी, केली. नियमांत सायकलचा प्रकार ठरलेला नसतो. हेल्मेट, पुढचा-मागचा दिवा, चमकणारं जॅकेट आणि साडेतेरा तास, एवढंच. हिशेब असा: चालती गती २२ असेल तर ९ तास ५ मिनिटं सायकलवर, थांबायला जवळजवळ साडेचार तास उरतात. गती १८ असेल तर दोन तास २३ मिनिटंच उरतात, आणि त्यात एक पंक्चर, दोन वेळचं खाणं आणि कंट्रोलवरचा (वाटेतल्या तपासणीच्या ठिकाणचा) शिक्का बसवायचा. पुणे-पाचगणी-पुणे अशा मार्गावर पसरणी घाटाची भीती घालतात, पण तो सुमारे १२ किलोमीटर लांब आणि सरासरी पाच टक्क्यांच्या आतला आहे, एमटीबीच्या गिअरला काहीच नाही. त्रास होतो तो महामार्गावर, परतताना, समोरून वारा असताना. ताशी २५ च्या पुढे बहुतेक ताकद हवा कापण्यात जाते, आणि सपाट हँडलवर खाली वाकायला जागा नसते. तळहात सुन्न होतात ते वेगळं.

उत्तर तिथे मिळालं. टायर, गिअर, वजन यातलं काही आड येत नव्हतं, आड येत होती बसण्याची ठेवण. तेवढीच एक गोष्ट एमटीबीत बदलता येत नाही. म्हणून रोड बाइक.

निवडताना तीन मापं मागितली. पहिलं, फोर्क आणि फ्रेममध्ये ३२ चा टायर बसून दोन्हीकडे निदान ४ मिलिमीटर मोकळी जागा. २५ च्या टायरवर आपल्या गावाकडच्या रस्त्यांना जाऊ नये. दुसरं, मागे ३४ दातांची कॅसेट. पुढे ३४, मागे २८ असेल तर ६० फेऱ्यांना ताशी ९.३ गाठावे लागतात, आणि सायकलसकट ८५ किलो दहा टक्क्यांवर त्या गतीने नेताना नुसत्या चढाला २१५ वॉट लागतात. ३४-३४ ला गती ७.७ आणि १८० च्या आत काम. हा फरक संध्याकाळी गुडघे सांगतात. तिसरं, हँडल सीटपेक्षा दोन-तीन सेंटिमीटरहून जास्त खाली नको. शर्यतीच्या फ्रेम दुकानात देखण्या दिसतात, शंभराव्या किलोमीटरला मान धरते.

३२ च्या टायरमध्ये मी पुढे ६०, मागे ६५ भरतो. पंक्चर वाढली हे खरं. महामार्गाच्या कडेला फुटलेल्या ट्रक टायरच्या केसाएवढ्या तारा पडलेल्या असतात, आणि पावसाळा सरला की गावाकडच्या रस्त्यांवर सराटे. नवी ट्यूब घालण्याआधी जुनीत हवा भरून भोक शोधा, ट्यूब टायरशेजारी वॉल्व्ह आणि नाव जुळवून धरा, म्हणजे काटा टायरमध्ये नेमका कुठे आहे ते कळतं. तार बोटाला लागत नसेल तर आतून रुमाल फिरवा, धागा अडकेल. ती नेलकटरने ओढून काढा. हे न करता ट्यूब बदलणारा पाच किलोमीटरवर पुन्हा खाली बसतो.

एमटीबी विकली नाही. तिला नॉबी टायर परत चढवले, पुढे २८ आणि मागे ३२ पीएसआय. रिमला टायरची कड धरून ठेवणारी आतली धार नव्हती, म्हणून ट्यूबलेसच्या वाटेला गेलो नाही. प्रत्येक ट्यूबमध्ये १०० मिलिलिटर सीलंट (भोक आतून बुजवणारं द्रव) घातलं, बाभळीच्या काट्यांना पुरतं. उन्हाळ्यात ते दोन-तीन महिन्यांत वाळतं. ब्रेक पॅड घेताना डिस्कवर ‘रेझिन पॅड ओन्ली’ असं कोरलंय का ते वाचा. असेल तर धातूचे पॅड घालू नका, ते डिस्क खातात.

एक जागा मात्र तिलाही जमत नाही: पावसानंतरची काळी माती. शंभर मीटरमध्ये फोर्क आणि चेनस्टे (मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंच्या नळ्या) भरून चाक थांबतं. अशा वेळी पॅडलवर जोर दिला की डिरेलर स्पोकमध्ये जातो आणि त्याचा हँगर (तो फ्रेमला जोडणारा धातूचा तुकडा) मोडतो. उतरायचं, सायकल खांद्यावर घ्यायची, काटकीने माती काढायची. हँगर प्रत्येक फ्रेमचा वेगळा असतो आणि ऐनवेळी मिळत नाही, म्हणून एक सुटा सीटखालच्या पिशवीत ठेवलेला आहे.